संस्कृतीचा ‘ऱ्हास’ की ‘विनाश’?

प्रश्न : सिंधू संस्कृतीविषयीच्या मराठी लेखनात ‘ऱ्हास’, ‘विनाश’, ‘लोप’ आणि ‘अधःपतन’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास योजलेले दिसतात. त्यांत अर्थभेद मानावा काय?

उत्तर : अवश्य मानावा, कारण यातला प्रत्येक शब्द कारणाविषयी काहीतरी गृहीत धरतो. ‘विनाश’ म्हटले की घाला घालणारा कोणीतरी ओघानेच येतो. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी मोहेंजोदडोतील सांगाड्यांवरून आर्यांच्या आक्रमणाचा तर्क मांडला, तेव्हा हा शब्द शोभला असता. परंतु ते सांगाडे एकाच प्रसंगातले नाहीत असे पुढे दिसून आल्याने तो तर्क मागे पडला. ‘अधःपतन’ हा तर नैतिक निवाडा आहे. खापरांवरून तो देता येत नाही.

‘ऱ्हास’ हा शब्द ‘ह्रस्व’च्याच धातूपासून आलेला आहे : आखूड होणे, उणे होत जाणे. मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत नेमके हेच आढळते. मोठ्या घरांत आडभिंती घालून लहान खोल्या केलेल्या, सांडपाण्याच्या गटारांची निगा सुटलेली, भट्ट्या थेट वस्तीत आलेल्या. पावसाचे मान घटले, मेसोपोटेमियाशी चालणारा व्यापार रोडावला, आणि इ.स.पू. १९०० च्या सुमारास नगरांची घडी विसकटली. यातले एकच कारण पुढे करण्याचा मोह टाळलेला बरा. माणसे मात्र राहिली. सौराष्ट्रात आणि गंगा-यमुनेच्या दुआबात लहान खेडी वाढली. म्हणून ‘लोप’ वापरातून गेलेल्या सिंधू लिपीचा म्हणावा आणि ‘ऱ्हास’ नगरांचा.

पुरवणी : पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव या प्राचीन गावाला ‘नगरांचा ऱ्हास’ लागू पडत नाही, कारण ते मुळात खेडेच. जोर्वे या महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या उत्तर काळात, म्हणजे सुमारे इ.स.पू. १००० नंतर, तेथील ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली आणि शिकार व पशुपालन यांवरची भिस्त वाढली. हा वस्तीचा ऱ्हास. इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्तीच उठली, त्या अवस्थेला महसुली दप्तरातला ‘बेचिराग’ हा शब्द चपखल बसतो. जेथे दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. त्याचे ‘बेचिराख’ केले, तर न लागलेली आग वाचकाच्या माथी मारली जाते.