चाकाची पिशवी: कोण कोण ओढतं?

मोगरा_५४
काल मंडईत एक आजी दिसल्या. पंच्याहत्तरीच्या तरी असतील. मागे चाकाची पिशवी, तीच ती उभी, दांडीवाली, आणि पायरीपाशी येऊन थबकलेल्या. मी खालून धरली, त्यांनी वरून ओढली, चढली. "सुरण आहे गं, म्हणून जड," म्हणाल्या, जशी काही त्यांचीच चूक. आणि मला एकदम आईची बोटं आठवली.

आम्ही तेव्हा नारायण पेठेत राहायचो. आई मंडईतून चालत यायची, दोन्ही हातांत पिशव्या. घरीच शिवलेल्या, बाबांच्या जुन्या पँटच्या कापडाच्या, बंद मात्र अगदी अरुंद. ठरलेल्या तीन ठिकाणी थांबून हात बदलायची. दोन्हीकडे सारखंच ओझं, तर बदलून काय मिळायचं ते मला अजून कळलेलं नाही. घरी आली की बोटांवर आधी पांढरे वळ, मग ते लाल व्हायचे. माझ्याकडे कायम कोथिंबीर. "तू हलकं धर."

मला गेल्या वर्षी फ्रोझन शोल्डर झाला तेव्हा बोहरी आळीतून ट्रॉली आणली. पहिल्या दिवशी अशी लाज वाटली म्हणून सांगू! भाजी घेताना तिला दोन हात लांब उभी करायचे, जणू माझी नव्हेच. सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "काकू, गावाला?" वर्ष झालं, अजून विचारतो.

तर इथे अजून कोण कोण ओढतं? कशी भरता, कुठे अडते, लोक काय म्हणतात, काहीही लिहा.

खारी_बटर
चाकं मोठी घ्या. चाकं मोठी घ्या. चाकं मोठी घ्या. झालं माझं.
नाही, सांगतेच. पहिली ट्रॉली ऑनलाइन मागवलेली, चाकं खेळण्यातल्या गाडीएवढी. आमच्या डोंबिवलीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक. दोन ब्लॉकांच्या फटीत चाक गेलं की ट्रॉली जागच्या जागी आणि आपण पुढे. घरी पोचेपर्यंत टोमॅटोचं सार तयार. चौथ्या महिन्यात एक चाक निखळलं ते थेट गटारात. उरलेला रस्ता एका चाकावर, खर्रर्र करत, अख्खं मार्केट वळून बघतंय. आता वीतभर चाकांची आहे, रबरी. कोथिंबीर शाबूत येते.

वेलदोडा
माझी ट्रॉली भाजीला नाही, दळणाला आहे. १० किलोचा डबा, गिरणी दोन गल्ल्या पलीकडे. आधी स्कूटरवर पायाशी ठेवून न्यायचे, मग स्कूटर विकली. सासूबाईंचा ठाम विरोध. "दळण गरम असतं, त्या मेणकापडात घाम धरेल, पिठाला जाळी होईल." बरोबरच होतं त्यांचं. म्हणून पिशवी काढून टाकली, नुसत्या सांगाड्यावर डबा, जुन्या ओढणीने बांधलेला. येताना झाकण जरा तिरकं ठेवायचं, वाफ जायला. गिरणीवाले दादा खडखडाट ऐकूनच ओळखतात. "थांबा ताई, आत्ताच बाजरी झालीय, मध्ये दुसऱ्या कुणाचा गहू जाऊ दे." म्हणजे बाजरी दुसऱ्या कुणाच्या तरी पोळीत. मी गप्प बसते.

मोगरा_५४
वेलदोडा, ते दुसरं कुणीतरी बहुतेक मीच असते. तरीच पोळ्या काळपट.

अण्णा_सोलापूर
आमची ट्रॉली बेअरिंगची. गॅरेजवाल्याच्या मागं लागून जुनी बेअरिंगं आणायची, पुढं एक, मागं दोन, वर खोक्याची फळी. खेळायलाच केलेली. ७२ च्या दुष्काळात कामाला लागली. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी यायची, अमेरिकेहून आलेली. रांगेत आम्ही पोरं. पोतं मिळालं की फळीवर टाकायचं, एकानं पुढनं सुतळीनं ओढायचं, एकानं मागनं ढकलायचं. डांबरी रस्त्यावर आवाज असा की गिरणीतनं रात्रपाळी करून झोपलेली माणसं शिव्या देत बाहेर यायची. (ही कापडाची गिरणी. वेलदोडा यांची वेगळी.) त्या ज्वारीची भाकरी मात्र धड थापली जात नव्हती, चिरा पडायच्या, आई रडकुंडीला यायची. खाताना आम्ही तोंडं वाकडी केली की वडील काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे.
विषय भलतीकडं गेला. माफी.

झोपाळू_मांजर
अण्णा, माफी कसली, मिलोवर वेगळा धागा काढा ना.
मोगरा, खांदा कोणता? माझा उजवा. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करताय का?

मोगरा_५४
डावा. करते ना. पेन्सिलने खूण करते, आता खिडकीच्या चौकटीपर्यंत आलेय. पण फिजिओ म्हणाली, हात मागे टाकून ट्रॉली ओढू नका, शक्य तिथे पुढे धरून ढकला. ढकलायला गेलं की खड्ड्यात आधी ती जाते आणि दांडी माझ्या पोटात. म्हणून ओढते. उजव्याने.

राइनकाठची
आमच्या जर्मनीत याला चेष्टेने 'हाकनपोर्शे' म्हणतात. टाचेमागून धावणारी पोर्शे! मी कोलोनला आले तेव्हा मलाही वाटायचं की हे आज्यांचं काम. पण रविवारी दुकानं कडकडीत बंद, गाडी नाही, शनिवारी आठवड्याचं सगळं एकदम. तिसऱ्या शनिवारी घेतली. जाताना ती रिकाम्या बाटल्यांनी भरायची. प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या मशीनमध्ये एकेक घातली की चिठ्ठी निघते, ती बिलातून वजा. म्हणजे ट्रॉली भरलेली जाते आणि भरलेली येते.
इथल्या कॅशवरच्या बायका सामान अशा सपासप पुढे सरकवतात की रचायला वेळच नाही. सगळं भसाभस आत. घरी येऊन बघावं तर अंड्यांवर बटाटे. इंडियन शॉपमधून १० किलो आटा ट्रॅममधून आणायला नवरा पहिल्यांदा बरोबर यायला तयार नव्हता. आता मला हात लावू देत नाही तिला. घरातली एकमेव गाडी म्हणतो.

पीके_पीके
एवढा खटाटोप कशाला? ॲपवर टाका, १० मिनिटांत दारात.

मोगरा_५४
टाका की. मेथीची जुडी उलटीपालटी करून न बघता घेता येत असेल तर जरूर टाका. मी चालायला जाते, भाजी हे निमित्त.

पीके_पीके
रागावू नका काकू. आमच्याकडे चालायला फुटपाथच नाही हो.

खारी_बटर
हे मात्र खरं. आहे तिथेही प्रत्येक गेटपाशी फुटपाथ खाली उतरतो आणि पलीकडे परत वीतभर चढतो. एकदा वैतागून मोजलं, घरापासून मार्केटपर्यंत ११ वेळा. आपण ट्रॉली ओढत नाही, उचलूनच नेतो. शेवटी मी सरळ रस्त्याच्या कडेने, हातगाड्यांच्या रांगेत. एक रिक्षावाला म्हणाला, "मावशी, इंडिकेटर द्या."

सुईदोरा
कशी भरता विचारलंय त्याचं उत्तर कुणीच दिलेलं नाही, म्हणून. तळाला कांदे, बटाटे, नारळ. मग काकडी, कोबी, दुधी. टोमॅटो स्टीलच्या डब्यात, हो, डबा घेऊन जाते. पालेभाजी सगळ्यात वर आणि झाकण न लावता. २०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा सहा कापडी पिशव्या शिवल्या होत्या, त्या आत.
खरी पंचाईत निराळीच आहे. भाजीवाल्या मावशी खाली बसलेल्या, ताजव्याचं पारडं थेट पिशवीत ओतायची त्यांची सवय, आणि ट्रॉलीचं तोंड माझ्या कमरेशी. मावशी पारडं घेऊन अर्ध्या उठतात, अर्धी गवार रस्त्यावर. म्हणून मी ट्रॉलीच आडवी करते त्यांच्यासमोर आणि तोंड फाकवून धरते, बाळाला काढा पाजतात तशी. "हां, आता गिळतीय," म्हणतात.
मोठ्या दुकानात तर आणखी तऱ्हा. गार्ड ट्रॉली ठेवून घेतो, टोकन देतो, मग सामान हातात घेऊन तिच्यापर्यंत चालत या. एकदा टोकन हरवलं. आत काय आहे ते सांगा म्हणाला. दीड किलो शिराळी म्हटलं. उघडून बघितलंन.

तिसरामजला
लिफ्ट नसलेल्यांनी हात वर करा. ती जिना चढणारी ट्रॉली घेतली आहे, एकेका बाजूला तीन तीन चाकं असलेली. चढते खरी. पण पायरीगणिक धप्प. ५४ पायऱ्या, ५४ धप्प. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा दार उघडून, "काय पडलं, कोण पडलं?" आता धप्प ऐकलं की पैसे हातात घेऊनच दारात उभे. त्यांचं आलं-लिंबू मीच आणते. गेल्या आठवड्यात आलं विसरले तर ट्रॉली उचलून, आवाज न करता चोरासारखी वर गेले.

दादर_पश्चिम
सल्ला: दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारात ट्रॉली नेऊ नका. मी नेली. तीन किलो झेंडू, आंब्याचे डहाळे, आपट्याची पानं, वाटलं आरामात येईल. आत शिरले ती बाहेर पडेना. पायाखाली चिखल आणि चेंगरलेल्या फुलांचा चिखल, चाकांभोवती कुणाचा तरी आख्खा हार गुंडाळला गेलेला. स्टेशनच्या पुलावर तर मागचा माणूस ट्रॉलीवर अडखळला, त्याची चप्पल चाकाखाली, मी पुढे, चप्पल माझ्याबरोबर. बिचारा एका पायाने लंगडत हाका मारतोय. घरी येऊन हार सोडवला, तो बरा होता. दाराला लावला. (उगाच फोटो काढला नाही.)

म्हापसेकर
आमच्या गोव्यात मे महिन्यात पुरुमेंत असतं, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, त्यात मिरच्या, सोलं, कांद्याच्या माळा, आणि सुका बांगडा, सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी. मी शहाणा, सगळं एका ट्रॉलीत. बांगडा कागदात नीट गुंडाळलेला होता बरं का. घरी आल्यावर ट्रॉली धुतली, उन्हात घातली, लिंबू चोळलं, सोडा चोळला. जून गेला, जुलै गेला. चवथीच्या बाजाराला म्हणून तीच घेऊन निघालो तर आई दारातच, "माटोळेक नुस्त्याचो वास मारतलो! दवर ती भायर." माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं, सामान हातातून आणलं, दोन फेऱ्या. मांजर त्या ट्रॉलीत झोपायचं.
आता दोन आहेत.

वेलदोडा
म्हणजे सोवळ्याची एक आणि ओवळ्याची एक! सासूबाईंना वाचून दाखवलं. "शहाणी आहे त्याची आई," एवढंच म्हणाल्या.

पावशेर
आमच्याकडची बाबांची होती. रिटायर झाल्यावर भाजीचं खातं त्यांच्याकडे आलं, "तुझ्या आईने ३५ वर्षांनी चार्ज दिला" म्हणायचे. गुडघे गेले तेव्हा काठी घ्या म्हटलं तर नको. ट्रॉली चालेल. काठी म्हातारे धरतात, ट्रॉली कामाची माणसं. खरं तर तिच्यावर टेकूनच चालायचे. आम्हाला दिसायचं, बोलायचं कुणी नाही. दांडीला सायकलची घंटी बसवून घेतली होती, गर्दीत वाजवायला. भाजीवाल्यांची पोरं त्यांना बघितलं की घंटी वाजवायला धावत यायची, भाव करायच्या आधी एक फेरी त्यांची.
दोन वर्षं होतील आता. ट्रॉली गॅलरीत आहे, आई त्यात कांदे ठेवते. कांदा काढताना धक्का लागला की वाजते. आधी सगळे दचकायचो.

मोगरा_५४
पावशेर, काय लिहू. आईंना नमस्कार सांगा.

तिसरामजला
घंटीचं वाचून गॅसवरचं दूध उतू गेलं. पुसून येते.

झोपाळू_मांजर
सुईदोरा, त्या सहा पिशव्यांचं माप द्याल का? माझ्या ट्रॉलीचं आतलं कापड फाटलंय, चाकं धडधाकट आहेत. अस्तरासारखं शिवावं म्हणते.

सुईदोरा
आधी मोजून सांगा ना तुमची. टेप नसेल तर वीत-बोटं सांगा. जुनी जीन्स असेल तर टाकू नका, तळाला दुहेरी लावा, कांद्याची फोलपटं कोपऱ्यात साचतात तिथून कापड कुजतं. पाणी मारलेली पालेभाजी असते ना. आणि तळाला दोन काजं करून ठेवा, पाणी गळून जातं. माझ्या आधीच्या ट्रॉलीत एक बटाटा राहिला होता कोपऱ्यात. मी पंधरा दिवस माहेरी. आले तर कोंब चेनमधून बाहेर.

पीके_पीके
मोगराकाकू, बोहरी आळीत नेमकं कुठे? कितीला पडली? आईसाठी विचारतोय. तिला पाठवला हा धागा, सगळा वाचला तिने.

मोगरा_५४
अरे वा. बॅगांची दुकानं ओळीने आहेत तिथे विचारा, नाव खरंच आठवत नाही. १४०० सांगितले, ११०० ला दिली. खारी_बटर म्हणतेय ते चाकाचं लक्षात ठेवा, आणि आईंना बरोबर न्या. दांडी त्यांच्या हाताला सरळ पोचली पाहिजे, वाकायला लागलं तर खांदा धरतो. रिकामी नका बघू, दुकानातच चार-पाच किलो काहीतरी टाकून दोन चकरा मारायला सांगा त्यांना. माझी गवार निवडायची राहिलीय, बाकीच्यांना उद्या.

पीके_पीके
आई म्हणते घे, पण आपल्या गल्लीत मी ओढणार नाही, लाज वाटते. कोपऱ्यापर्यंत तू ने.

खारी_बटर
घंटी लावा.

अण्णा_सोलापूर
मिलोचा धागा रविवारी काढतो. तोवर बहिणीला फोन करून विचारतो, सुतळी ओढणारा मी होतो की ती. ती म्हणणार ती.