मदत हवी आहे: वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू मागे पडतो

मुलाखतीचं २० मिनिटांचं सलग चित्रीकरण आहे. चित्र मोबाईलवर, २५ फ्रेम प्रति सेकंद. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल. जुळवणीसाठी सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवली होती. सुरुवातीच्या टाळीवर दोन्ही अचूक जुळतात, पण शेवटच्या टाळीला आवाज ६ फ्रेम उशिरा येतो. म्हणजे १२०० सेकंदांत ०.२४ सेकंद, साधारण ०.०२ टक्के.

एडिटिंग सॉफ्टवेअरने ४४.१ किलोहर्ट्झला ४८ समजून वाचलं असतं तर फरक दीड मिनिटाच्या वर गेला असता. २९.९७ आणि ३० या फ्रेम रेटचा घोळ असता तरी तो सव्वा सेकंदाच्या आसपास भरला असता. त्यामुळे या दोन्ही शक्यता बाद. उरतात दोन: मोबाईलचा बदलता फ्रेम रेट (उजेडानुसार कमी-जास्त होणारा), किंवा दोन यंत्रांच्या आतल्या घड्याळांतला फरक. संशय पहिल्यावर जास्त आहे, कारण मधल्या भागात फरक सारखा वाढत नाही, अंधारलेल्या शॉटमध्ये एकदम उडी मारतो.

आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेट करून घ्यावा, की आवाजच ०.०२ टक्के आखडावा? आखडल्याने शेवट जुळेल, मधलं काय? आणि रूपांतरात चित्राची प्रत घसरू नये म्हणून आरएफ (हँडब्रेकमधला चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा) किती ठेवता?