मदत हवी आहे: पेनसिल्व्हेनियातल्या मित्राची बंदूक न्यू जर्सीत विकत घ्यायची आहे

मंडळी, मी एडिसनला राहतो, ग्रीन कार्ड आहे. डेलावेअर नदीपलीकडे बक्स काउंटीत राहणारा एक मित्र सगळं आवरून कायमचा पुण्याला निघालाय. गाडी, फर्निचर, मिक्सरसुद्धा विकून झाला. उरलंय एक ग्लॉक १९ पिस्तूल आणि शिकारीची शॉटगन. रेंजवर आम्ही बरोबर जायचो, म्हणून म्हणतो, "तूच घे, बाहेरच्याला कशाला देऊ?" शनिवारी पैसे द्यायचे आणि डिकीत टाकून आणायचं, असा त्याचा बेत. पेनसिल्व्हेनियात शॉटगन ओळखीच्याला थेट विकता येते म्हणे. भारतात निदान १९५९ चा शस्त्र कायदा सगळीकडे तोच. इथे पूल ओलांडला की नियम बदलतात.

दुसरं, भाचा एच-१बी वर आहे. त्यालाही शॉटगन हवी आहे. मी माझ्या नावावर घेऊन त्याला दिली तर चालेल का?

नदीपल्याड:
शनिवारचा बेत आधी रद्द करा. मित्र म्हणतो ते अर्धंच खरं आहे. पेनसिल्व्हेनियात खाजगी माणसाने शॉटगन थेट विकलेली चालते, पण घेणारा त्याच राज्यातला हवा. राज्य बदललं की १९६८ चा फेडरल (म्हणजे केंद्राचा) गन कंट्रोल अॅक्ट लागतो. मग पिस्तूल असो की शॉटगन, व्यवहार परवानाधारक दुकानदारामार्फतच. (वारसाहक्काने आलेल्या बंदुकीला यात सूट आहे, पण तुमचा मित्र ठणठणीत दिसतोय.)

पिस्तूल तुमच्या राज्यातल्या दुकानातच हातात पडेल. मित्राने ते तिकडच्या दुकानात द्यायचं, ते दुकान इकडच्या दुकानाला पाठवेल. तिथे तुम्ही फॉर्म ४४७३ (बंदूक घेणाऱ्याने भरायचा फेडरल फॉर्म) भरायचा, बॅकग्राउंड चेक झाला की घरी न्यायचं. शॉटगनचं जरा सैल आहे. दोन्ही राज्यांचे नियम पाळले जात असतील तर पेनसिल्व्हेनियातला दुकानदारही ती तुम्हाला समोरासमोर देऊ शकतो. पण कायद्याने चालतं म्हणून दुकानदाराने करायलाच हवं असं नाही, आधी फोन करा.

खरा वेळ जातो तो न्यू जर्सीच्या कागदांत. शॉटगनसाठी फायरआर्म्स आयडी कार्ड, आणि प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळं परमिट. अर्ज गावच्या पोलिसांकडे, बोटांचे ठसे वगैरे आलंच. परमिट हातात येईपर्यंत बंदूक दुकानात ठेवून घेतील का, तेही विचारा, म्हणजे मित्राचं विमान अडणार नाही.

रेंजवाला_काका:
भाच्याचं मात्र मनातून काढून टाका. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला (एच-१बी त्यातच येतो) बंदूक विकत घ्यायलाच काय, जवळ बाळगायलाही फेडरल कायद्याने मनाई आहे. कुठल्याही राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स असेल तर या मनाईतून सुटका होते. पण मग त्याने स्वतःचं आयडी कार्ड काढून स्वतःच्या नावावर घ्यावी.

"माझ्या नावावर घेतो" हे तर बोलूसुद्धा नका. व्हर्जिनियातल्या अब्राम्स्की नावाच्या माजी पोलिसाने असंच केलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या काकासाठी पोलिसांच्या सवलतीत पिस्तूल घेतलं, तेही ग्लॉक १९ च! काकाने ४०० डॉलरचा चेक आधीच दिला होता. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या परवानाधारक दुकानातून, बॅकग्राउंड चेक वगैरे होऊन, ते काकाच्या हाती गेलं. काकालाही बंदूक बाळगायची पूर्ण मुभा होती. म्हणजे राज्याची हद्द ओलांडणं अगदी नियमात झालं. गोत्यात आला तो फॉर्म ४४७३ मुळे. खरा खरेदीदार मीच, असं त्याने लिहून दिलं होतं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याची शिक्षा कायम केली. आणि ज्याला बंदूक बाळगायला मनाई आहे अशा माणसासाठी जाणूनबुजून खरेदी करणं हा तर २०२२ पासून स्वतंत्र फेडरल गुन्हा आहे, १५ वर्षांपर्यंत कैद.

धागाकर्ता:
बाप रे. भाच्याला आजच सांगतो. मित्राशी बोललो, सोमवारी तिकडच्या दुकानात जाऊन येतोय. पिस्तुलाबरोबर १५ गोळ्यांची दोन मॅगझिन आहेत, ती पण त्याच पार्सलमध्ये येतील ना?

नदीपल्याड:
नाही. २०१८ पासून न्यू जर्सीत १० च्या वरचं मॅगझिन चालत नाही. ती मित्राने तिकडेच विकावीत. तुम्ही १० चं इथे नवीन घ्या, आणि पिस्तूल पाठवणाऱ्या दुकानाला हे आधीच बजावून ठेवा.