मदत हवी आहे: सोलर पॅनलच्या फ्रेम सुटल्यात, काय लावून बसवू?

जतचा_डाळिंबवाला: चार दिवसांपूर्वीच्या वळवात दोन पॅनलच्या फ्रेम खालच्या कोपऱ्यात उघडल्यात. काच आणि पट्टीच्या फटीत काडेपेटीची काडी आरामात जाते. आतलं सिलिकॉन सालपटासारखं हातात येतंय, वारा सुटला की खडखड वाजतंय. दुकानदार म्हणतो नवीन घ्या. काय लावून बसवायचं तेवढं सांगा, लवकर. थांबायला वेळ नाही.

मिरजेचा_वायरमन: घरावरचे की पंपाचे? किती वॅटचे? काच शाबूत आहे का? मागच्या पांढऱ्या शीटला फुगा किंवा चीर? मागच्या बाजूनं फोटो टाका.

खटावकर: एम-सील मळून भरा, कोपऱ्याला अँगल लावा, ड्रिल मारून रिव्हेट ठोका. आमचा पॅनल तीन वर्षं तसाच चाललाय.

मिरजेचा_वायरमन: ड्रिल मारू नका. टफन काच आहे, कडेला टोक लागलं की सगळ्या काचेचा चुरा होतो. आणि उन्हात ॲल्युमिनियम काचेच्या जवळपास अडीचपट पसरतं. दगडासारखं कडक झालेलं एम-सील ते सोसत नाही, फट परत पडते.

खटावकर: मग माझ्या शेतात चालतंय ते खोटं का?

मिरजेचा_वायरमन: खोटं म्हणत नाही दादा. तुमची काच वाचली. यांची फुटली तर भरून कोण देणार?

कराडची_ताई: घरावर ३ किलोवॅट बसवून टाका ना. पीएम सूर्यघरमधून ७८ हजार अनुदान आहे. आम्ही बसवलं, बिल जवळजवळ शून्य येतं.

जतचा_डाळिंबवाला: ताई, घराचं नाही विचारलं. पंपाचे आहेत. ५ एचपी, ३३५ वॅटचे १५ पॅनल. काच शाबूत आहे. चार दिवस झाले, सकाळी पंप उचलतच नाही, दहाला ऊन चढलं की चालतो. डाळिंबाचा मृग बहर (पावसाळ्याच्या तोंडावरचा) धरलाय, पहिलं पाणी द्यायचंय.

तासगावकर: पाणी तोडून ताण किती दिवस दिला? पानगळ करून घेतली का? जमीन हलकी आहे का? पहिलं पाणी एकदम जास्त देऊ नका.

जतचा_डाळिंबवाला: काका, पाणी आलं तर देईन ना.

मिरजेचा_वायरमन: अहो, हे सकाळचं आधी सांगायचं! फ्रेमच्या फटीतून पाणी आत गेलंय. रात्रीची ओल असेपर्यंत करंट फ्रेमला गळतो, कंट्रोलर (पंप चालवणारा डबा) ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. वाळलं की चालू. कंट्रोलरवर काय दाखवतंय? आणि अर्थिंगची वायर कुठल्या फ्रेमला आहे? तीच सुटली असेल तर ओल्या पॅनलला हात लावू नका.

जतचा_डाळिंबवाला: अर्थ फॉल्ट असंच काहीतरी येतं. वायर जागेवर आहे. फोटो टाकलाय.

विट्याचा_फिटर: फोटो मोठा करून बघा. पॅनलला चार बोल्ट हवेत, या दोघांना वरचे दोनच आहेत. खालची बाजू मोकळीच होती, वाऱ्यानं हापटून कोपरा उघडला. बसवणाऱ्याची चूक आहे. पंप सरकारी योजनेचा का? कधी बसवला?

जतचा_डाळिंबवाला: योजनेचाच. चार वर्षं झाली.

विट्याचा_फिटर: मग ५ वर्षांच्या हमीत आहे, विमाही असतो. काही चिकटवायच्या आधी फोटो काढा, तक्रार नोंदवून नंबर घ्या. तुम्ही सिलिकॉन भरलंत की कंपनी म्हणणार तुम्हीच उघडलं.

खटावकर: कंपनी येईपर्यंत बहर जाईल.

विट्याचा_फिटर: म्हणूनच आज दिवस मावळल्यावर आयसोलेटर (पॅनलकडून येणारी लाईन तोडायचा स्विच) बंद करून ते दोन पॅनल सिरीजमधून काढा, शेजारच्या दोघांना जंपर वायर जोडा. दिवसा नको, १५ पॅनल सिरीजमध्ये म्हणजे ६०० व्होल्टच्या वर डीसी, चालू लोडवर एमसी४ (पॅनलच्या वायरचं कनेक्टर) ओढलं तर ठिणगी विझत नाही. गावातला वायरमन सोबत घ्या. कंपनीनं हात वर केलेच तर पॅनल सावलीत पूर्ण वाळवून, मेगर (करंट फ्रेमला गळतो का ते तपासायचं मीटर) लावून, मग न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येतो ते नको, त्यानं आतल्या पट्ट्या गंजतात. मेगरमध्ये नापास झाला तर तो पॅनल गेला, फ्रेम बसवून उपयोग नाही.

जतचा_डाळिंबवाला: काल संध्याकाळी केलं. १३ पॅनलवर आज साडेसातला पंप उचलला. धार जरा बारीक आहे, पण ठिबकच्या शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोचलं. तक्रार नंबर मिळालाय. उरलेले पॅनल १३ नंबरच्या पान्यानं तपासले, आणखी एकाचा खालचा बोल्ट नाही. तो आज आणायला चाललोय, स्टीलचाच घ्यायचा ना?