मदत हवी आहे : गट वाचतो, पण बोलत नाही

परभणी-हिंगोली भागातल्या सोयाबीनवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे, १०२४ सदस्यांची मर्यादा गाठलेला. मेसेज इन्फोत वाचणारे भरपूर दिसतात, पण लेख टाकला की नुसते अंगठे. अपवाद एकच. पेरणीआधी 'ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा, किती उगवले त्याचा फोटो टाका' म्हटलं, तर धडाधड उत्तरं आली. ७०च्या खाली उगवण असलेल्यांनी बियाणं वाढवायचं की बदलायचं, यावर आपसांतच जुंपली. हवंय ते हेच.

पोल घेऊन पाहिले. बोट दाबतात नि गप्प. लेख सकाळऐवजी रात्री आठनंतर टाकले, थोडा फरक पडला. फक्त अ‍ॅडमिनच लिहील असं केलं, तर 'शुभ सकाळ' थांबलं आणि प्रश्नही. ब्रॉडकास्ट (एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगळा पाठवणं) सुचवू नका : २५६ जणांची मर्यादा, वर आपला नंबर सेव्ह नसेल तर मेसेज पोचतच नाही.

जाहिरातीला पैसे नाहीत. बरेच जण टाइप करत नाहीत, व्हॉइस पाठवतात (ते सगळे ऐकणार कोण, हा वेगळाच ताप).

तालुकावार गट फोडून कम्युनिटीखाली (अनेक गट एकत्र जोडायची व्हॉट्सअ‍ॅपची सोय) आणले, तर जिंतूरच्या गटातलं चांगलं उत्तर वसमतच्या गटात कसं न्यायचं, की तिथेही चर्चा सुरू होईल? कुणी केलंय का?