मदत हवी आहे: माहितीपत्रकात लिटरला २४ किमी, रस्त्यावर ११. गाडीत दोष आहे की शहरात एवढंच मिळतं?

बिबवेवाडीकर
गाडी २०२१ ची, १ लिटर पेट्रोल, मॅन्युअल हॅचबॅक, ३८ हजार किमी झालेली. रोजचा रस्ता बिबवेवाडी ते शिवाजीनगर, एका बाजूला ८ किमी. संध्याकाळी ४० मिनिटं लागतात, एसी चालूच असतो. हजाराचं पेट्रोल टाकून लाल दिवा लागेपर्यंत किती पळते ते बघतो. लिटरला ११ पडतं. डिस्प्ले १३.५ दाखवतो. सर्व्हिसिंग वेळेवर, एअर फिल्टर आणि प्लग नवे. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, 'सिटीत एवढंच येणार.' नेमकं काय तपासू आणि कोणत्या क्रमाने?

चौथा_गिअर
आधी मोजणी सुधारा. दिव्यावरचा हिशोब धरू नका. टाकीतला तरंगा चढ-उतारावर आणि वळणावर हलतो, त्यामुळे दिवा कधी एक-दोन लिटर आधी लागतो, कधी नंतर. साडेनऊ लिटरमागे एका लिटरची चूक म्हणजे थेट दहा टक्के.

ठरलेला पंप, शक्यतो तेच नोझल. पहिल्या ऑटो-कटला (नोझल आपोआप बंद होतं तेव्हा) थांबा आणि ट्रिप मीटर शून्य करा. ३०० किमी तरी होऊ द्या. परत तिथेच पहिल्या ऑटो-कटपर्यंत भरा. जेवढे लिटर आत गेले, त्याने किमीला भागा. २५ लिटरमागे तीच एका लिटरची चूक ४ टक्क्यांवर येते. कट झाल्यावर पंपावरचा मुलगा 'राउंड फिगर करू का' विचारेल, त्याला नाही म्हणा. गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं, तो डबा भिजला की निकामी होतो, आणि हिशोब बिघडतो तो वेगळाच.

डिस्प्लेवरचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून काढलेला अंदाज असतो. कालच्यापेक्षा आज कमी की जास्त, एवढं बघायला ठीक.

पाना_पकड
२४ कुठून येतात ते समजून घेतलंत तर निम्मी चिंता जाईल. जाहिरातीखाली बारीक अक्षरांत नियम ११५ (जी), सीएमव्हीआर १९८९ (केंद्रीय मोटार वाहन नियम) असं छापलेलं असतं. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या आलेखाप्रमाणे चालवतात. एकूण १,१८० सेकंद, साधारण साडेदहा किमी, कमाल वेग ताशी ९०. खोलीचं तापमान २० ते ३० अंश, एसी बंद. पेट्रोलही टाकीतून मोजत नाहीत, धुरातल्या कार्बनवरून काढतात. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था तुमच्याच पुण्यात आहे.

त्या आलेखातला शहरी भागसुद्धा सरासरी ताशी १९ च्या आसपास चालतो आणि पूर्ण चाचणीची सरासरी ३२ वर जाते. तुमची संध्याकाळ ताशी १२ ची आहे. १ लिटरचं इंजिन एसी लावून उभं राहिलं की तासाला साधारण पाऊण-एक लिटर पितं. ४० मिनिटांत १५ मिनिटं सिग्नलला गेली तर ०.२ लिटर जागच्या जागी संपलं. लिटरला १२ धरले तर ८ किमीला ०.६७ लिटर लागतं. म्हणजे तुमचं जवळजवळ ३० टक्के पेट्रोल चाक न फिरता जळतं. हा गाडीचा दोष नाही.

त्यात पहिले दोन-तीन किमी इंजिन थंड असतं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल सोडतो. चाचणीसुद्धा थंड इंजिनवरच सुरू होते, पण तो तोटा साडेदहा किमीवर पसरतो. तुमचा आठावर.

तरी ११ मला कमी वाटतात. या रस्त्याला, या वेगाला, एसीसकट १४ च्या आसपास मिळायला हवेत. तेव्हा मोजाच.

रानवाट
इथेनॉलचं कुणी बोललं नाही. सगळं ई२० मुळेच (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे) आहे.

पाना_पकड
@रानवाट, सगळं नाही. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी, म्हणून २० टक्के मिश्रणात ६-७ टक्के घट. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींना एवढीच धरली आहे. बारावर हा पाऊण किमीचा फरक. चोविसाचे बारा त्याने होत नाहीत. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल किंवा बाटलीतली औषधंही नकोत. या इंजिनाला त्यांचा उपयोग नाही.

कूलंट
तपासणीचा क्रम देतो, फुकटातलं आधी.

हवा: ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे, तोच आकडा. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी स्वतःच्या गेजने बघा. गरम टायरमध्ये हवा जास्त दाखवते, त्यामुळे पंपावर 'बरोबर आहे' म्हणतात आणि प्रत्यक्षात ४-५ पीएसआय कमी असते.

ब्रेक: शेवटचे दोनशे मीटर ब्रेक न लावता गाडी थांबू द्या आणि चारही चाकांचं तापमान इन्फ्रारेड गनने घ्या. समोरची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच. तुलना डाव्या-उजव्याची करायची. मग जॅकवर घेऊन हाताने फिरवा, हलकी घासण चालेल, अडकता कामा नये.

थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी झडप): या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, थंडपणाचा निळा दिवा असतो. तो विझला म्हणजे सगळं ठीक असं नाही. साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारं यंत्र) लावून कूलंटचं तापमान बघा. दहा-बारा मिनिटांत ८० च्या वर जाऊन टिकलं पाहिजे. ६५-७० ला रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय आणि इंजिन कायम थंडच समजून चालतंय.

त्याच डोंगलवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय. ई२० मुळे अधिक ४-५ दिसणं स्वाभाविक आहे. अधिक १० च्या वर गेलं तर कुठून तरी हवा ओढतेय किंवा इंधनाचा दाब कमी आहे. उणे १० असेल तर इंजेक्टर किंवा पर्ज व्हॉल्व्ह (कोळशाच्या डब्यातल्या वाफा इंजिनात सोडणारी झडप) गळतोय.

एअर फिल्टर बदलून अ‍ॅव्हरेज वाढेल ही कार्ब्युरेटरच्या काळातली समजूत. इंजेक्शनच्या गाडीत तुंबलेल्या फिल्टरने आधी ताकद जाते.

बिबवेवाडीकर
सगळ्यांचे आभार, माप घेऊन आलोय. ३१८ किमीला २५.२ लिटर, म्हणजे १२.६. हवा चारही चाकांत ५ पीएसआय कमी होती, भरली. कूलंट ८८ वर टिकतं, ट्रिम अधिक ५. पण पुढचं डावं चाक ११५ अंश आणि उजवं ७०. जॅकवर डावं अर्धा फेराही फिरत नाही.

कूलंट
सापडलं. कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना सुकल्या असणार. गॅरेजमध्ये उभे राहून करून घ्या. दोन्ही पिना काढून गंज साफ करायचा, रबरी बूट फाटले असतील तर नवे. वंगण सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचंच. साध्या पिवळ्या ग्रीसने रबर फुगतं आणि दोन महिन्यांत पिन परत जाम होते. पिना मोकळ्या निघाल्या तर पिस्टन बघा; हाताच्या क्लॅम्पने सरळ आत जायला हवा. अडखळला तर सील किट लागेल. आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी मोजा. बरीच वेगळी असेल तर पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदला, एकाच बाजूचे नाही.

चौथा_गिअर
आणि उतारावर न्यूट्रल नको. गिअरमध्ये पाय उचलला की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो, न्यूट्रलमध्ये आयडलिंगचं पेट्रोल जळतच राहतं. दुरुस्ती झाली की त्याच पंपावर पुन्हा एक टाकी मोजा आणि आकडा इथे टाका.