गणितात पीएचडी करताना दुसरं शास्त्र सोबत घ्यावं का?

भागाकार: भाची गणितात एमएस्सी करतेय. पुढे पीएचडीला गणित आणि साथरोगशास्त्र असं जोडकाम करायचं म्हणते. घरात दोन तट पडलेत. माझं मत, खुशाल करावं. साथ कशी पसरते-ओसरते याचं गाजलेलं गणिती प्रतिमान (मॉडेल) १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी मांडलं. पहिला रसायनशास्त्रज्ञ, दुसरा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. ताडून पाहिलं ते आपल्या मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगच्या आकड्यांवर.

काटकोन: असहमत. नेमकं हेच उदाहरण तुमच्यावर उलटतं. आलेखात आठवड्यागणिक मृत्यूंच्या ठिपक्यांवर प्रतिमानाची रेषा झकास बसते, पण प्लेग पसरवतात उंदीर आणि पिसवा. मुंबईत तो हिवाळ्यात चढायचा, मे-जूनपर्यंत उतरायचा. समीकरणात ऋतूच नाही, लागण होण्याचे, बरं होण्याचे सगळे दर स्थिर! आणि हे एक डॉक्टर सोबत असताना. दोन्हीकडचं थोडं थोडं शिकून काय होणार? आधी अवकल समीकरणं, संभाव्यता पक्की होऊ द्या. गणितज्ञ दा. ध. कोसंबींनी १९४४ मध्ये जनुकांच्या नकाशाचं (गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं) सूत्र दिलं, ते भूमितीत मुरल्यावर.

पिसूमार: काटकोन, मूळ लेख वाचलात का? आलेखाजवळच लिहिलंय की माणसातला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं आम्ही धरतोय, ही गृहीतकं काटेकोर खरी नाहीत, म्हणून आकडे फार ढोबळ समजा. पाठ्यपुस्तकांत बहुतेकदा नुसती रेषा येते, ही तळटीप गळते. ती लिहायला उंदीर माहीत असलेला माणूसच लागतो.

काटकोन: वाचला नव्हता, मान्य. पण मग दोन माणसं लागतात असंच ठरलं ना? एकाच पोरीने दोघं का व्हायचं? शिवाय नोकरीचं काय? कॉलेजच्या जाहिरातीत ‘संबंधित विषय’ असतो. मुलाखतीत एकजण म्हणणार जीवशास्त्राकडे जा, दुसरा म्हणणार गणिताकडे.

भागाकार: नोकरीचा मुद्दा खरा आहे, घरातही त्यावरच अडलंय. पण बंगळुरूच्या आयआयएस्सीत (भारतीय विज्ञान संस्थेत) गणिताचा आंतरविद्याशाखीय पीएचडी कार्यक्रम रीतसर चालतो. म्हणजे अगदीच वाऱ्यावरची वरात नाही.

पिसूमार: कार्यक्रमाचं नाव राहू द्या. दुसरा गाईड कोण आणि खरे आकडे कोणाकडून मिळणार, हे आधी विचारा तिला.

भागाकार: विचारलं. गाईड एकच, गणितातला. आकडे म्हणे नेटवरून घेऊ.

काटकोन: 😀